जोडीदाराशी सेक्समधल्या आवडीनिवडी बोलायच्या कशा: पायरी पायरीने, कारण क्रम चुकला की बोलणंच बंद होतं

"एकमेकांशी मोकळेपणाने बोला" हा सल्ला सगळ्यांनी ऐकलेला असतो आणि माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणींनी तो अमलातही आणलाय, पण कसा, तर रात्री साडेअकराला, लाइट बंद, नुकतंच सगळं आटपलंय, नवरा अर्धवट झोपेत, आणि तेव्हा ही म्हणाली "ऐक ना, मला हे असं नाही आवडत." त्याच्या कानावर एवढंच गेलं की आत्ता जे झालं ते हिला आवडलं नाही. तो गप्प झाला, ही रडली, आणि पुढची दोन वर्षं तो विषय नाही. पुरुषांचंही तेच होतं, फरक इतकाच की ते बहुतेक वेळा चार दिवस मनात ठेवून मग भांडणात बोलतात.

म्हणून हे सविस्तर लिहितेय. बोलायची तयारी लोक करतात, वाक्यं पाठ करतात, पण समोरच्याकडून "नको" आलं तर आपण काय करायचं याची तयारी जवळपास कुणी करत नाही, आणि सगळं तिथेच बिनसतं. आपलं "नको" जड जातंय असं एकदा समोरच्याला दिसलं की पुढे तो किंवा ती खरं सांगणं बंद करते आणि सगळ्याला "चालेल" म्हणायला लागते. मराठीतला हा एक शब्द बेडरूममध्ये फार नुकसान करतो. "चालेल" म्हणजे आनंदाने हो पण असतं, नाइलाजाने हो पण असतं, आणि "आता वाद नको, उरक" पण असतं.

हे सगळं लग्न झालेल्यांना, न झालेल्यांना, पुरुष-पुरुष किंवा बाई-बाई जोडप्यांना सारखंच लागू आहे, फक्त दोघंही १८ वर्षं पूर्ण झालेली हवीत. उदाहरणं मी नवरा-बायकोची देतेय कारण मला ती जवळून माहीत आहेत.

थांबा, आधी हे बघा: तुम्हाला जोडीदाराची भीती वाटते का? "नाही" म्हटलं तर मारहाण, शिव्या, घरखर्च बंद, माहेरी पाठवायची धमकी असं काही होतं का? तसं असेल तर पुढच्या पायऱ्या तुमच्यासाठी नाहीत, कारण हा प्रश्न आवडीनिवडीचा नाहीच. २००५च्या घरगुती हिंसाचार कायद्यात लैंगिक छळ स्पष्टपणे धरलेला आहे आणि बायकांना नवऱ्याविरुद्धही त्याखाली दाद मागता येते. महिलांसाठी १८१ नंबर आहे, ताबडतोब धोका असेल तर ११२.

## १. आधी कागद, आणि तोही एकट्याने

बहुतेक जण ही पायरी वगळतात. समोरच्याने विचारलं "मग तुला काय आवडतं ते सांग" तर बहुतेक जणींकडे उत्तर नसतं, आणि पुरुषांकडेही जे असतं ते बरेचदा मोबाइलवर बघितलेलं असतं, स्वतःच्या अंगाला विचारून आलेलं नसतं.

एक कागद घ्या, त्यावर चार रकाने करा: आवडतं, करून बघायला आवडेल, नको, माहीत नाही. "चालेल" असा रकाना मी मुद्दाम ठेवलेला नाही. जिथे जिथे हात "चालेल" लिहायला जाईल तिथे थांबून ती गोष्ट या चारांपैकी कशात बसते ते ठरवा, खरी माहिती तिथेच निघते. एका बैठकीत होणार नाही, तीन-चार दिवस द्या.

फक्त कृती लिहू नका. खरी अडचण बरेचदा आजूबाजूच्या गोष्टींत असते आणि त्या कुणाच्या लक्षातच येत नाहीत. वेळ कुठली (रात्री ओटा आवरून अकराला अंग गळून गेलेलं असताना की पहाटे), लाइट चालू की बंद, तोंडाला सिगरेटचा किंवा तंबाखूचा वास, दाढी टोचणं, वाढलेली नखं, आधी आंघोळ हवी की नको, फोन सायलेंटवर आहे का, दाराची कडी नीट लागते का, मूल त्याच पलंगावर झोपलेलं असणं, पाळीच्या दिवसांत काय, मधे बोललेलं आवडतं की शांतता, सुरुवात नेहमी एकानेच करायची का, स्वयंपाक करताना मागून येऊन मिठी मारली तर छान वाटतं की चिडचिड होते, आणि झाल्यावर लगेच पाठ फिरवून झोपणं. माझ्या एका मैत्रिणीच्या "नको" रकान्यात सात ओळी होत्या आणि त्यातल्या पाच प्रत्यक्ष सेक्सबद्दल नव्हत्याच, तंबाखू, कडी आणि सासूबाईंच्या खोलीकडची भिंत याबद्दल होत्या.

तपासा: प्रत्येक ओळ "मला" ने सुरू होते का? "तो कधीच..." किंवा "तिला काही..." अशी सुरू होत असेल तर ती तक्रार झाली. खोडून परत लिहा. "तो घाई करतो" याचं "मला सुरुवातीला जास्त वेळ लागतो" होतं.

आणि कागदच वापरा. फोनमधल्या नोट्स मुलांच्या टॅबवर किंवा घरच्या कॉम्प्युटरवर आपोआप जाऊन बसतात.

## २. दुखणं आणि औषधं यांची वेगळी यादी

कागद झाला की त्यातून शरीराच्या तक्रारी बाजूला काढा. त्या आवडीनिवडीत मिसळल्या की समोरचा स्वतःला दोष देत बसतो आणि इलाज मात्र डॉक्टरकडे असतो.

संबंधाच्या वेळी दुखणं "बायकांना होतंच" म्हणून सोडून देऊ नका. कोरडेपणा असतो, इन्फेक्शन असतं, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढणं) असतं, आणि काही जणींच्या बाबतीत योनीभोवतीचे स्नायू आपल्या हातात नसताना आवळले जातात, त्याला व्हजायनिस्मस म्हणतात आणि तो फिजिओथेरपीने आणि समुपदेशनाने बहुतेक वेळा बरा होतो. बाळंतपणानंतर डॉक्टर साधारण ६ आठवडे थांबायला सांगतात, पण त्यानंतरही अंगावर पाजत असताना इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी असल्यामुळे कोरडेपणा राहतो, यात प्रेम आटल्याचा काही संबंध नाही. पाळी जाण्याच्या सुमारासही तेच होतं. डिप्रेशनच्या काही गोळ्यांनी इच्छा कमी होते किंवा ऑरगॅझमला (सुखाच्या सर्वोच्च क्षणाला) फार वेळ लागतो, पण गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, लिहून देणाऱ्या डॉक्टरला सांगायचं.

पुरुषांमध्ये लिंगाला ताठरता न येणं वारंवार होत असेल तर शुगर, बीपी तपासून घ्या. रक्तवाहिन्या अरुंद होण्याचा परिणाम हृदयाच्या आधी तिथे दिसू शकतो, त्यामुळे लाजेने वर्षभर थांबण्यासारखी ही गोष्ट नाही. आणि वीर्य गेल्याने अशक्तपणा येतो, हाडं झिजतात या भीतीने कुणी पिचत असेल तर तसं काही होत नाही. त्या भीतीवर चूर्ण विकणाऱ्यांकडे जाऊ नका.

चूक जी सगळ्यात जास्त दिसते: "मला दुखतं" हे सांगायच्या ऐवजी "मला इच्छा नाही" सांगणं. समोरच्याला वाटतं आपण नकोसे झालोय. दुखत असेल तर दुखतं हेच सांगा, त्याच शब्दांत.

## ३. शब्द कुठले वापरायचे ते ठरवा

आपल्याकडे या विषयाचे शब्द दोन टोकांना आहेत, एक तर शिव्यांमधले नाहीतर शाळेच्या जीवशास्त्रातले, मधलं काही नाही. म्हणून लोक "ते", "तिकडे", "तसं", "खाली" यावर भागवतात आणि मग "तिकडे नको" म्हणजे नक्की कुठे नको हे समोरच्याला कळलेलंच नसतं.

तुमच्या दोघांचे शब्द तुम्ही ठरवा. लिंग, योनी म्हणायला जड जात असेल तर इंग्लिश शब्द वापरा, हिंदी वापरा, मालवणी-अहिराणी जे घरात बोलता ते वापरा, स्वतःचे लाडाचे शब्द करा, अट एकच, दोघांना तो शब्द ऐकला की एकच गोष्ट डोळ्यांसमोर यायला हवी. आरशासमोर किंवा बाथरूममध्ये चार-पाच वेळा मोठ्याने म्हणून बघा. पहिल्यांदा तोंडातून शब्द निघताना आवाज बदलतो, तो बदल समोरच्याला रागासारखा ऐकू येऊ शकतो, म्हणून ही प्रॅक्टिस.

एक शब्द तर दोघांनाही माहीत हवाच, क्लिटोरिस. योनीच्या वरच्या बाजूला बाहेर असतो तो छोटा उंचवटा, पण त्याचा मोठा भाग आत असतो. बऱ्याच बायकांना नुसत्या आत घेण्याने ऑरगॅझम येत नाही, तिथे स्पर्श लागतो. हे माहीत नसलेलं जोडपं वर्षानुवर्षं एकमेकांत खोट शोधत राहतं.

## ४. वेळ, जागा, आणि आधी दिलेली कल्पना

कधी नाही ते आधी सांगते. पलंगावर नाही. सेक्सच्या लगेच आधी किंवा नंतर नाही. भांडणानंतर नाही, कुणी प्यायलेलं असताना नाही, आणि नाइट शिफ्ट करून आलेल्या माणसाशी नाही.

जागेचा प्रश्न खरा आहे, मला माहीत आहे. डोंबिवलीच्या वन बीएचकेमध्ये हॉलमध्ये सासू-सासरे, आत तुम्ही आणि मूल, तिथे खासगी बोलणं कुठे करणार? म्हणून घराबाहेर करा. सर्वांत चांगलं म्हणजे चालताना. शेजारी शेजारी चालताना डोळ्यांत बघावं लागत नाही, गप्प बसलं तरी अवघड वाटत नाही, आणि मराठीत बोलताना आजूबाजूचं कुणी ऐकणार नाही इतकी मोकळी जागा शोधली की झालं, सोसायटीचा मागचा रस्ता, टेकडी, तळ्याचा काठ, सकाळी लवकरचं मैदान. चारचाकी असेल तर गाडी बाजूला लावून. बाइकवर नाही, अर्धं ऐकू येत नाही आणि चालवणाऱ्याचं लक्ष जातं. रविवारी घरचे लग्नाला किंवा देवळात गेले की मिळणारा तासही चालेल, फक्त तो तास लगेच सेक्ससाठी वापरायची घाई होते, ती टाळा.

कल्पना आधी द्या. नुसतं "संध्याकाळी बोलायचंय" असा मेसेज टाकला तर समोरचा दिवसभर पोटात गोळा घेऊन फिरतो. असं म्हणा:

"रविवारी सकाळी फिरायला जाऊ या का? आपल्या दोघांबद्दल, जवळीकीबद्दल थोडं बोलायचंय. काही बिघडलं नाहीये. तूही विचार करून ठेव."

ज्या घरात बायको अजून "अहो" म्हणते तिथेही हे जमतं. सोलापूरकडच्या एका वहिनींनी असं सुरू केलं होतं: "अहो, तुमच्याशी आपलं दोघांचं जरा बोलायचं होतं, रागावणार नसाल तर. तुमची काही चूक नाही, मलाच कळून घ्यायचंय तुम्हाला काय आवडतं ते." त्यांनी सांगितलं की यजमान आधी लाजले आणि मग त्या विचारतील त्यापेक्षा जास्त बोलले.

जपा: हे सगळं व्हॉट्सॲपवर लिहू नका. ऑफिसच्या लॅपटॉपवर व्हॉट्सॲप चालू राहिलेलं असतं, मुलं फोन हातात घेतात, नोटिफिकेशन वर येतं. नवरा दुबईत किंवा जहाजावर असेल तर व्हॉइस कॉलवर बोला, फोटो-व्हिडिओ पाठवणं हा त्याला पर्याय नाही.

वेळ वीस मिनिटं ते अर्धा तास. जास्त नाही. एकाच दिवशी दहा वर्षांचं सगळं काढलं की दुसऱ्या वेळेला कोणी येत नाही.

## ५. पहिली पाच मिनिटं

तुमचा कागद खिशातच राहू द्या. सुरुवात जे खरंच आवडतं त्यापासून करा, आणि ते नेमकं सांगा. "तू छान आहेस" याने काही कळत नाही. "परवा तू घाई न करता नुसता माझ्या पाठीवरून हात फिरवत होतास, ते मला फार आवडलं" याने कळतं. खोटं कौतुक मात्र करू नका, कारण आज जे आवडलं म्हणाल ते पुढच्या वेळी जास्त होणार आहे.

मग विचारा. आणि विचारल्यावर गप्प बसा. उत्तर यायला अर्धं मिनिट लागलं तरी थांबा, बहुतेक लोक दहा सेकंदांत घाबरून स्वतःच उत्तर देऊन टाकतात, "काही नाही ना? मग ठीक."

विचारायचे प्रश्न असे:

"तुला कुठल्या वेळेला सर्वांत छान वाटतं?"

"असं काही आहे का जे आपण करतो, पण तुला ते फारसं आवडत नाही?"

"मी सुरुवात केलेली तुला आवडते का, की दडपण येतं?"

तिसरा प्रश्न फार कामाचा. काही लोकांना इच्छा आधी येते आणि मग ते जवळ येतात, काहींना जवळ आल्यावर, अंग सैल झाल्यावर इच्छा येते, आणि दोन्ही अगदी नॉर्मल आहे. जोडप्यातला एक असा आणि एक तसा असेल तर पहिल्याला वाटतं आपण नेहमी मागतोय, दुसऱ्याला वाटतं आपल्यात काहीतरी कमी आहे. हे एकदा बोललं गेलं की अर्धा ताण उतरतो.

टाळायची वाक्यं: "तू नेहमी...", "तू कधीच...", "बाकीच्यांचे नवरे...", "आधीच्या वेळी मी ज्याच्याबरोबर होते..." यातलं एकही आलं की समोरचा ऐकणं थांबवून बचाव करायला लागतो.

## ६. "नको" आलं की पहिले दहा सेकंद

हे मी जरा लांबवणार आहे, कारण मी स्वतः इथेच चुकले होते.

लग्नाला दोन वर्षं झाली होती, मी हिंमत करून नवऱ्याला एक गोष्ट सांगितली, काय ती महत्त्वाची नाही, तो अगदी साधेपणाने म्हणाला, "मला ते नाही गं आवडणार." मी काहीच बोलले नाही. भिंतीकडे तोंड केलं आणि पुढचे तीन दिवस फक्त "जेवायला वाढलंय" आणि "दूध आणा" एवढंच बोलले. मला तेव्हा वाटलं मी शांतपणे घेतलं, आरडाओरडा तर केला नाही. चौथ्या दिवसापासून तो सगळ्याला "चालेल" म्हणायला लागला, आणि जवळजवळ दोन वर्षं मला वाटत होतं आमचं किती छान जमतंय. मग एकदा गावाहून येताना रात्रीच्या गाडीत त्याने सांगितलं की तो तेव्हापासून मला कशालाच नाही म्हणत नव्हता, कारण ते तीन दिवस त्याला परत नको होते. म्हणजे दोन वर्षांतलं कुठलं "हो" खरंच हो होतं हे मला आजही सांगता येत नाही. ते फार लागलं मला.

तर "नको" ऐकल्यावर नेमकं हे करायचं, याच क्रमाने:

पहिलं, श्वास सोडा आणि म्हणा "बरं झालं सांगितलंस." मनापासून वाटलं नाही तरी हे म्हणा, वाटणं मागाहून येतं.

दुसरं, "का?" विचारू नका. निदान त्या दिवशी नाही. "का" विचारलं की समोरच्याला कारण द्यावं लागतं, आणि कारण दिलं की आपण ते खोडायला जातो, आणि मग ते सौदा केल्यासारखं होतं. नाही म्हणायला कारण लागत नाही.

तिसरं, एवढंच विचारा: "हे कधीच नको, की आत्ता नको?" दोन्ही उत्तरं चालतात आणि दोन्ही मान्य करायची. "कधीच नको" असेल तर तो विषय तुमच्या बाजूने संपला, सहा महिन्यांनी "आता तरी?" करायचं नाही. समोरच्याला स्वतःहून बोलावंसं वाटलं तर बोलेल.

चौथं, त्याच दिवशी काहीतरी साधं जवळचं करा. चहा करून द्या, हात धरा, नेहमीसारख्या गप्पा मारा. "नको" म्हटल्यावरही घर तसंच आहे हे त्याला किंवा तिला दिसायला हवं.

वाईट वाटणारच. ते सांगायलाही हरकत नाही, "मला थोडं वाईट वाटलं, पण तुझ्यावर राग नाही, मी ठीक होईन." लपवलेलं वाईट वाटणं अबोल्यातून, भांड्यांच्या आवाजातून बाहेर येतं आणि घरातल्या सगळ्यांना कळतं.

तपासा: मागच्या सहा महिन्यांत जोडीदाराने तुम्हाला एकदाही "नको" म्हटलेलं नाही का? मग फार जमतंय असं गृहीत धरू नका. विचारा, "तुझं 'नको' ऐकल्यावर मी कशी वागते?" आणि उत्तर न अडवता ऐका.

आणि समोरून नुसतं "चालेल" आलं तर? ते हो म्हणून धरू नका. हसून विचारा, "आवडेल की चालेल?" आमच्याकडे हे वाक्य आता रोजच्या भाजीपासून सगळीकडे वापरलं जातं. आवडेल म्हटलं तर पुढे जा, तोंडात अडकलं तर आज नको.

## ७. एका वेळी एकच मागणी

कागदावर दहा गोष्टी असतील, सांगायची एक, आणि त्यातली सर्वांत लहान. "जरा रोमँटिक हो ना" ही मागणी नाही, त्याने काय करायचं हे त्याला कळत नाही. "सुरुवातीची दहा मिनिटं कपडे न काढता नुसतं जवळ झोपू या" ही मागणी आहे. "फोन हॉलमध्ये चार्जिंगला लावू या" ही पण आहे. "झाल्यावर पाच मिनिटं तरी तुझा हात माझ्या अंगावर असू दे." बस, एक.

जोडीदाराचीही एक घ्या. दोघांची एकेक झाली की घरी जा.

## ८. करून बघताना

इथे लांब वाक्यं चालत नाहीत. चार शब्द पुरे: हळू, इथेच, जास्त, थांब. "थांब" म्हटलं की थांबायचं, अर्ध्या मिनिटाने नाही, लगेच, आणि "काय झालं" पेक्षा "पाणी हवंय?" विचारायचं. सुरू करायला हो म्हटलं होतं म्हणून मधे थांबवता येत नाही असं काही नसतं. बोलायला अवघड असेल तर समोरच्याचा हात धरून योग्य जागी न्या, हाताने दोनदा थोपटलं की थांब, असं ठरवून ठेवा.

फक्त जे ठरलं तेच करा. एका मागणीला हो मिळालं म्हणून त्याच रात्री यादीतलं दुसरं घुसवायचं नाही, विश्वास याच जागी मोडतो.

कोरडेपणासाठी वंगण वापरणार असाल तर एक फार महत्त्वाचं: साध्या लॅटेक्स कंडोमबरोबर खोबरेल तेल, व्हॅसलीन, बेबी ऑइल, बॉडी लोशन काहीही नको, तेलाने कंडोम कमजोर होऊन फाटतो. मेडिकलमध्ये पाण्याचा बेस असलेलं जेल मागा. आणि तरीही कंडोम फाटलाच तर इमर्जन्सी गोळी जितकी लवकर तितकी बरी, ७२ तासांच्या आत. ती रोजच्या वापराची गोळी नव्हे.

थांबा: दुखायला लागलं तर दात आवळून पूर्ण करू नका. एकदोनदा असं केलं की शरीर पुढच्या वेळी आधीच आवळून घेतं.

## ९. दुसऱ्या दिवशीची दोन वाक्यं

लगेच "कसं वाटलं?" विचारू नका, त्या क्षणी कुणी खरं सांगत नाही. दुसऱ्या दिवशी, चहाच्या वेळी, एकटे असाल तेव्हा: "कालचं काय ठेवू या, आणि काय बदलू या?" दोन-तीन मिनिटं. "काही नाही, ठीक होतं" असं उत्तर आलं तर राहू द्या, पण दोन-तीन वेळा "ठीक"च आलं तर पायरी सहावर परत जा आणि आपण कसे ऐकतोय ते बघा.

## जिथे लोक हमखास अडकतात

जोडीदार बोलतच नाही. दोघांनी वेगवेगळे चार रकाने भरायचे आणि फक्त एकमेकांचा "आवडतं" रकाना वाचायचा, असं करून बघा. किंवा हो-नाही मध्ये उत्तर देता येतील असे तीन प्रश्न. दोन-तीनदा प्रयत्न करूनही भिंतच असेल तर समुपदेशकाकडे जा, अगदी एकट्याने गेलात तरी उपयोग होतो. मनावर फार ताण असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

इतकी वर्षं ऑरगॅझमचं नाटक केलं, आता कसं सांगू? मागचा हिशोब काढू नका. "ते सगळं खोटं होतं" हे वाक्य समोरचा आयुष्यभर विसरत नाही आणि त्यातून तुम्हाला काही मिळतही नाही. आजपासून नाटक बंद करा, आणि सांगा, "मला वेळ लागतो, आणि मला अशा पद्धतीने जास्त छान वाटतं, करून बघू या?" त्याने थेट विचारलं तर मात्र खोटं बोलू नका, म्हणा, "काही वेळा नव्हतं, तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

पॉर्नमध्ये बघितलेलं मागणं. मागायला हरकत नाही, पण तसं म्हणून मागू नका आणि क्लिप दाखवून तर अजिबात नाही. त्यात नक्की काय हवंय ते शोधा, वेग की बोलणं की तिने पुढाकार घेणं, आणि तेवढंच सांगा. बाकीचं सगळं कॅमेऱ्यासाठी केलेलं असतं, मधले कट दिसत नाहीत.

साखरपुडा झालाय, लग्न तीन महिन्यांवर आहे. इथे यादी काढू नका, ओळखच नवीन असते. तीन गोष्टी मात्र बोलाच: मूल कधी हवंय आणि तोपर्यंत काय वापरणार, दोघांच्या रक्ततपासण्या (एचआयव्ही, हिपॅटायटिस बी), आणि पहिल्या रात्री काहीच झालं नाही तर दोघांनाही चालणार आहे का. या शेवटच्याला "आवडेल की चालेल" विचारायची गरज नाही. दोन दिवस विधी, जागरण, पाहुणे, आणि त्यावर दार लोटल्यावर बाहेर हसणारी मंडळी, अशात नुसतं झोपून जाणं हे बऱ्याच जोडप्यांना फार बरं वाटलेलं आहे.

पुन्हा कधी बोलायचं? तीन-चार महिन्यांनी एकदा फिरायला जा. शिवाय बाळंतपण, ऑपरेशन, नवीन गोळ्या, नोकरी जाणं, घरात कुणाचं आजारपण, पाळी जाणं, यातलं काही झालं की नवा कागद. जुना काढून "तेव्हा तर तू हो म्हणाली होतीस" म्हणून दाखवू नका. तो काम झाल्यावर बारीक फाडून टाका, दोघांनीही.